ओढून बघायचं राहिलं

२३ ऑगस्ट

आज दुपारी व्हरांड्यात बसलो होतो, वारा सुटला आणि कॉटनवुडच्या झाडाची पानं वाजली. एकदम साठ वर्षं मागे गेलो. शाळेची एकच खोली, सप्टेंबरचा उकाडा, खिडक्या सताड उघड्या. आमच्या मिस टॉरसन पुस्तक मिटून म्हणाल्या होत्या, "हात बाकावर ठेवा, डोळे मिटा. बाहेर जे वाजतंय ना, तो समुद्र." समुद्र त्यांनी पाहिला होता की नाही, देव जाणे. नेब्रास्कातल्या आमच्या या कोपऱ्यापासून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र दोन-तीन दिवसांच्या अंतरावर. पण आम्ही सतरा पोरांनी तो ऐकला. मग त्यांनी दीपगृहाच्या रखवालदाराची कविता शिकवली. बारा कडवी. माझी अजून पाठ आहेत.

'दिवा लाव रे रखवालदारा, परतून येती गलबते.'

ही वही माझ्या बायकोनं, आर्लिसनं, मला मे महिन्यात दिली, निवृत्तीच्या दिवशी. वर सोनेरी अक्षरात 'प्रवास' असं छापलंय. सदतीस वर्षं खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं. रोजचे शहाण्णव मैल, आणि तीन वाजता घरी. आता पहिल्या पानावर काय लिहू? प्रवास अजून सुरूच झालेला नाही. आत राहता येईल असा, चाकांवरच्या घरासारखा ट्रेलर घ्यायचाय एवढं ठरलंय.

ते ठरलं कसं, तेही लिहून ठेवतो. चर्चच्या तळघरात माझ्या निरोपाचं जेवण होतं. पास्टरनी सगळ्यांसमोर विचारलं, "एमिल, आता काय बेत?" माझा काहीच बेत नव्हता. गप्प कसं राहायचं म्हणून ती कविता म्हणून टाकली. टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसत म्हणाल्या, "बिचाऱ्याला जन्मभर समुद्राची ओढ!" पुढच्या रविवारी गावानं वर्गणी काढून आम्हाला दोन घडीच्या खुर्च्या आणि रस्त्यांचे नकाशे दिले. घरी येताना गाडीत आर्लिस म्हणाली, "मग, बघू या एखादा ट्रेलर?"

मी म्हणालो, "चालेल."

आमच्याकडे चालेलच्या वर शब्द नाही. मुलगी झाली तेव्हाही मी तेच म्हणालो होतो, आणि आर्लिसच्या वडिलांना पुरून आल्यावर 'जेवतोस का?' असं विचारलं तेव्हाही.

२६ ऑगस्ट

शहराबाहेरच्या आवारात गेलो. ट्रेलरच ट्रेलर, गुरांच्या बाजारासारखे रांगेत उभे. आम्हाला हवाय तो फिफ्थ व्हील जातीचा. याची मान ट्रकच्या पाठीत घुसते आणि एक जाड लोखंडी खुंटा तिथल्या जबड्यात अडकतो. शेपटीला बांधलेल्या ट्रेलरपेक्षा हा कमी डुलतो म्हणतात. मानेच्या वर तीन पायऱ्या चढून झोपायची खोली.

विक्रेता कर्टिस पोरसवदा आहे, पण शिकवतो चांगलं. म्हणाला, "काका, नुसतं बघून घेऊ नका. पलंगावर आडवे व्हा. संडासात बसून दार लावून बघा. मावशी, तुम्ही फवाऱ्याखाली उभ्या राहून डोकं धुतल्यासारखं करा. कोपर आपटलं तर ट्रेलर तुमच्या मापाचा नाही."

आर्लिसनं कोट न काढता डोकं धुतल्यासारखं केलं. कोपर आपटलं नाही. मग स्वयंपाकघरात उभी राहून नसलेल्या पाण्याखाली नसलेल्या बशा घासल्या, आणि खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहत राहिली. बाहेर फक्त दुसरा ट्रेलर होता.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

"छान आहे. तुला?"

"वाईट नाही."

"मग ठेवू या मनात," ती म्हणाली. असे सात ट्रेलर आम्ही मनात ठेवले.

३० ऑगस्ट

शेजारच्या डेल्मरनं आमच्या ट्रकचं दार उघडलं, आत चिकटवलेला, वजनाची मर्यादा सांगणारा पिवळा कागद वाचला आणि हसत सुटला. "एमिल, लेका, यात लिहिलंय तेवढ्या वजनात त्या ट्रेलरची नुसती मानसुद्धा बसायची नाही! आणि चालवणार कसा? तू सदतीस वर्षं गाडीच्या उजव्या बाजूला बसून चालवलीस, रस्त्याकडेचे टपालाचे डबे हाताशी यावेत म्हणून. डावी बाजू आठवते का तरी?"

म्हणजे ट्रकही बदलायला हवा. एक 'चालेल' म्हटलं की दुसरं म्हणावंच लागतं. आर्लिसला सांगितलं. ती टोमॅटोच्या बरण्या भरत होती. तळघरातलं फडताळ भरलं. एवढ्या बरण्या ट्रेलरमध्ये मावणार नाहीत, पण मी बोललो नाही. तिच्या हौसेवर कशाला पाणी ओतायचं?

९ सप्टेंबर

आज अडकलो.

निळ्या पट्ट्याचा ट्रेलर बघत होतो. याच्या भिंती सरकतात. मुक्कामाला पोचलं की खोली फुगल्यासारखी बाहेर जाते, प्रवासाला निघताना आत घ्यायची. कर्टिसचं म्हणणं की खोल्या आत असतानाही संडासापर्यंत जाता येतं का, हे प्रत्येकानं बघायलाच हवं, नाहीतर हमरस्त्यावर पंचाईत. म्हणून मी आत बसलो, दार लावलं, आणि म्हणालो, "घे आत." भिंत घरघरत आली, माझ्या दाराला टेकली, आणि बॅटरी गेली.

दार चार बोटं उघडत होतं. काळोख. नव्या प्लायवुडचा आणि गोंदाचा वास. कर्टिस बाहेरून ओरडला, "काका, घाबरू नका, दुसरी बॅटरी आणतो!" आणि त्याच्या पावलांचा आवाज दूर गेला.

मी कविता म्हणायला लागलो. दुसरं करणार काय? पाचव्या कडव्यावर आलो तेव्हा भिंतीपलीकडून आर्लिस म्हणाली, "तोच का रे तो, समुद्रावर जाणारा?"

"जात नाही तो," मी म्हणालो. "तो रखवालदार. बारा कडव्यांत एकदाही जिना उतरत नाही."

"हो?" ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, तो जातो."

चार बोटांच्या फटीतून तिच्या कोटाचं एक बटण दिसत होतं.

"एमिल, आत कसं वाटतंय?"

खरं म्हणजे छाती दाबल्यासारखं होत होतं. पण तिनं एवढ्या उमेदीनं विचारलं. मी म्हणालो, "चालेल."

बटण बराच वेळ हललं नाही. मग ती म्हणाली, "तुला हाच आवडला असेल तर हाच घेऊ."

"तुला आवडला असेल तर."

"माझं काय, तुला आवडला म्हणजे मला आवडला."

एवढ्यात कर्टिस बॅटरी घेऊन आला. त्यानं एवढंच ऐकलं आणि म्हणाला, "वा! मग ठरलं तर!" त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? तो पळत जाऊन बॅटरी घेऊन आला होता.

१६ सप्टेंबर

निळा पट्टा आता आमच्या अंगणात उभा आहे. घराच्या दक्षिणेकडच्या सगळ्या खिडक्यांत तोच दिसतो. स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो.

ट्रेलरमध्येच राहायचं तर घर कशाला, म्हणून रस्त्याकडेला 'घर विकणे आहे'ची पाटी लागली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं किती धाडसी! मी सगळ्यांना सांगते." सगळ्यांना सांगितलंही असणार.

२८ सप्टेंबर

एक तरुण जोडपं घर बघायला आलं. दलाल बाई त्यांना ओट्याची लांबी दाखवत होती. आर्लिस मात्र त्यांना हाताला धरून तळघरात घेऊन गेली आणि वसंतात पाणी कुठवर चढतं ते भिंतीवर बोटानं दाखवलं. वरच्या जिन्याची करकरणारी पायरी दाखवली. चिमणीत वटवाघळं येतात हेही सांगितलं. (एकदाच आलं होतं, ब्याऐंशी साली.) दलाल बाईचा चेहरा पडला.

किती सच्ची बाई आहे! लपवाछपवी कधी जमलीच नाही तिला.

जोडप्यानं तरीही होकार कळवला. तेवीस ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी दहा वाजता सह्या. आर्लिसला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं." मग लसणीच्या वाफ्याकडे गेली आणि अंधार पडेपर्यंत तण उपटत बसली.

५ ऑक्टोबर

चर्चमध्ये निरोप. केकवर साखरेचा ट्रेलर काढला होता, निळ्या पट्ट्यासकट. पुढे दोन डोकी. माझं डोकं खाल्लं पास्टरनी, आर्लिसचं कोणीच घेईना, म्हणून ते डब्यात घालून घरी आणलं. अजून फ्रीजमध्ये आहे.

डेल्मर सगळ्यांसमोर म्हणाला, "समुद्र बघून आलास की सांग, आमच्या तळ्यापेक्षा मोठा आहे का!" सगळे हसले. मीही हसलो. आता न जाऊन कसं चालेल? लोकांनी वर्गणी दिली, केक केला, दोनदा रडले. त्यांना काय सांगणार? की मला समुद्र कॉटनवुडमधला पुरतो? म्हातारा चळला म्हणतील. आणि आर्लिसचं काय? लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्यातली सदतीस तिनं माझ्या तीनच्या घड्याळावर संसार केला. तिला जग बघायचंय, तर मी तिच्या वाटेत येणार?

नाही. मी बोलणार नाही.

१३ ऑक्टोबर

डेल्मरचं सोयाबीन निघालं. हवेत भुसा आहे, सूर्य तांबडा मावळतो.

आर्लिसनं आज लसूण लावली. पाकळी पाकळी वेगळी करून, टोक वर, चार रांगा, वर पेंढा. मी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो. थंडीआधी लावायची, बर्फाखाली निजवायची, आणि काढायची पुढच्या जुलैत, हे मला शिकवणारी तीच. दहा दिवसांनी हे घर दुसऱ्याचं होणार! सवयीचा हात, दुसरं काय. मला हसू आलं.

"मदत करू?" मी म्हणालो.

"नको, झालंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "जुलैत तिथे समुद्रावर गरम असेल नाही?"

"असेल."

"चालेल," ती म्हणाली, आणि फावडं धुवायला गेली.

१८ ऑक्टोबर

मोडतोड झाली. माणसांना काही नाही.

नव्या ट्रकला ट्रेलर जोडायची आज रंगीत तालीम होती. मी ट्रक मागे घेत गेलो, आर्लिस बाजूला उभी राहून हातानं खुणा करत होती. कर्टिसनं चारचारदा बजावलं होतं: खुंटा जबड्यात बसला की नीट वाकून बघायचं, आणि मग ट्रेलरचे ब्रेक दाबून धरून ट्रक हलकेच पुढे ओढून बघायचा. ओढल्यावर सुटला नाही म्हणजे अडकला. त्याशिवाय ट्रेलरला उभा धरणारे पुढचे पाय उचलायचे नाहीत. "काका, सगळे नवे लोक हेच विसरतात," असंही म्हणाला होता.

खाडकन आवाज झाला. मी उतरलो. आर्लिस वाकून बघत होती.

"बसलं?" मी विचारलं.

"बसलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तूही बघ."

मी वाकून बघितलं. "बसलं," मी म्हणालो.

पाय वर घेतले. ओढून न बघताच निघालो. दहा फूट गेलो असेन, मागे असा आवाज झाला की डेल्मर टोपी हातात घेऊन धावत आला. ट्रेलरची मान ट्रकच्या पाठीवर आदळली होती. ट्रकचे दोन्ही काठ खाली दबून चेपलेले. ट्रेलर ट्रकला सोडेना, ट्रक ट्रेलरला.

"अरे, ओढून बघितलं नाहीस?" डेल्मर म्हणाला. "खुंटा जबड्याच्या वरच बसला होता की. फट दिसली नाही?"

"नाही," मी म्हणालो.

"वहिनी, तुम्हाला?"

"मला कुठलं कळतंय त्यातलं?" आर्लिस म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक झाला होता. मला वाटलं, घाबरली. तिच्या प्रवासाचं वाटोळं केलं मी.

संध्याकाळपर्यंत ट्रेलर त्याच्याच पायांवर उचलून ट्रक सोडवला आणि दुरुस्तीला पाठवला. आठवड्यात मिळेल. सह्या गुरुवारीच.

१९ ऑक्टोबर

आर्लिस बहिणीकडे गेली. नव्वद मैलांवर. चर्चमधून आल्यावर कोट न उतरवताच म्हणाली, "रोझेलाकडे जाते चार दिवस. गुरुवारी दहाला तिकडूनच थेट येईन सह्यांना."

"रागावलीस?"

"नाही रे. कशावर रागावू?"

गाडी ती घेऊन गेली. ट्रक दुरुस्तीला. सदतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे चाकावरचं काही नाही, फक्त निळा पट्टा सोडून, आणि तो स्वतःहून हलत नाही.

२० ऑक्टोबर

या वहीत खोटं लिहून उपयोग काय? इथं वाचणारा मीच.

फट मला दिसली होती. दोन बोटं रुंद. पलीकडून उजेड येत होता. पेन्सिलीनं खरडलेले, पावसात भिजलेले पत्ते वाचण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दोन बोटं उजेड दिसणार नाही? दिसला. आणि 'बसलं' हा शब्द आपोआप तोंडून गेला. तिनं म्हटलं होतं ना बसलं. ती चुकली असं तोंडावर कसं म्हणू? हे पहिलं कारण. दुसरं कारण लिहायला हात जड होतोय. मोडलं तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. एक क्षणभरच. पण तेवढ्यात मी ट्रकमध्ये चढलो.

बिचारी आर्लिस. तिला खरंच कळलं नसणार. डोळे तिचे चांगले आहेत. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते. पण यंत्राचं वेगळं असतं.

गुरुवारी सह्या. तिला सांगायला हवं. पण काय सांगू? आणि आत्ता सांगितलं तर म्हणेल, मेपासून काय झोपला होतास?

२१ ऑक्टोबर

सकाळी ट्रेलरमध्ये जाऊन बसलो. घरात खोकी, इथे निदान टेबल आहे. सरकत्या खोल्या आत घेतलेल्या, म्हणून चालायला एवढीशी बोळ. कपाटात दोनच बशा फुटल्या होत्या. खिडकीतून आमचं घर पहिल्यांदाच बाहेरून, परक्याचं असावं तसं, दिसलं. छपराचा एक कोपरा रंगवायचा राहिलाय. लसणीच्या वाफ्यावरचा पेंढा वाऱ्यानं विस्कटलाय. मी जाऊन सारखा केला आणि परत येऊन बसलो.

गुरुवारी काय म्हणायचं, ते इथे लिहून बघतो.

'आर्लिस, मला जायचं नाही.' एवढंच. तीन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. बारा कडवी न अडखळता म्हणणारा मी, या चार शब्दांत अडखळतो.

(पुढचं त्याच दिवशी, दुपारनंतर लिहितोय.)

चौथ्यांदा म्हणत होतो तेव्हा दारावर टकटक झाली. डेल्मर दार वाजवत नाही, हाक मारतो. टपालवाली नवी पोरगी फाटकाशीच थांबते. विक्रीवाल्या दलाल बाईला ट्रेलरची पायरी चढवत नाही. मी वही मिटली आणि दार उघडलं.

खाली पायरीवर आर्लिस उभी होती. अंगात तोच कोट, हातात गाडीची किल्ली. दोन दिवस आधी. सेहेचाळीस वर्षांत तिनं माझं कुठलंही दार वाजवलेलं नाही, नुसती आत येते.

"आत येऊ का?" ती म्हणाली, आणि आत आली नाही.

"रोझेला बरी आहे ना?"

"बरी आहे. अर्ध्या वाटेवर होते तेव्हा वाटलं, आधी सांगून टाकावं. तशीच पुढे गेले. दोन दिवस तिच्याकडे बसून राहिले, तर ती म्हणाली, बाई, तू जा घरी." तिनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "एमिल, फट होती. मला दिसली होती. मी बसलं म्हणाले."

मी म्हणालो, "मलाही दिसली होती."

तिनं वर बघितलं. डेल्मरच्या शेतावरून वारा आला आणि कॉटनवुडची उरलीसुरली पानं वाजली.

"आत काय बडबडत होतास? कविता?"

"नाही."

"ऐकलं मी. दोनदा." तिचा आवाज फाटला. "मला मेलीला वाटलं, तुला समुद्र हवाय. सगळं गाव म्हणत होतं."

"मला वाटलं, तुला जायचंय."

"मला?" ती म्हणाली. मग वाफ्याकडे वळून बघितलं. पेंढा कोणी सारखा केला ते तिला कळलं असावं. "जुलैत लसूण कोण काढणार, एमिल?"

'तू म्हणशील तसं' हे ओठांवर आलंच होतं. ते गिळलं.

"आपण," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तिनं किल्ली खिशात टाकली, माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली, आणि पायरीवर उभ्या उभ्याच एकदा हलकेच ओढून बघितलं.